चोडण बेट: बांध फुटलेल्या खाजनात भात परत आणावं की कांदळवन राहू द्यावं?

कौलारू
गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावर जाणारे बहुतेक लोक रायबंदरची फेरी पकडतात, पश्चिम टोकाच्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्यात तास-दीड तास घालवतात आणि परत फिरतात. अभयारण्य सुंदरच आहे. पण ते 178 हेक्टरांचं, म्हणजे बेटाचा एक कोपरा. बाकीच्या सखल भागाचा मोठा वाटा खाजनांचा आहे. नदीला बांध घालून मिळवलेली ही भातशेती भरतीच्या पातळीखाली आहे. शेकडो वर्षं माणसांनी रोज राखली म्हणून ती टिकली.

आता कित्येक खाजनांचे बांध फुटलेत. खारं पाणी आत आलं, भात गेलं आणि दहा-पंधरा वर्षांत तिथे तिवरं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी कांदळवनातली झाडं, उभी राहिली. पक्षीनिरीक्षक खूश आहेत, शेतकरी नाहीत. माझं मत असं की खाजन गेलं तर बेटाचा इतिहासही गेला आणि निसर्गाचाही एक प्रकार गेला, त्यामुळे जिथे शक्य आहे तिथे बांध पुन्हा घालावेत. जाणकारांनी लिहावं. नुसतं 'निसर्गाला हात लावू नका' किंवा 'शेतकऱ्याला विचारा' नको, तपशील हवेत.

पैलतीर
वाचतोय. चांगला विषय.

तिवरचिपी
असहमत. कांदळवन म्हणजे पडीक जमिनीवर उगवलेलं तण नव्हे.

बांध फुटल्यावर काय होतं ते क्रमाने सांगते. पहिल्या वर्षी गोड्या पाण्याचं गवत मरतं आणि चिखल उघडा पडतो. मग मारांडीची काटेरी झुडपं आणि तिवर येतात. तिवराचं बी झाडावर असतानाच सालीच्या आत रुजलेलं असतं, पाण्यावर तरंगत येतं आणि चिखलात टेकल्यावर काही दिवसांत मूळ धरतं. कांदळाचं रोप तर झाडालाच लटकून हात-दीड हात लांब होतं आणि मग खाली पडतं. पाण्याच्या कडेला चिपी, जरा वरच्या अंगाला काजळा आणि गेवा. चोडणच्या एवढ्याशा टोकावर कांदळ, तिवर आणि चिपी या तिघांच्याही एकाहून अधिक जाती आहेत.

या झाडांच्या मुळांत मासळीची पिल्लं वाढतात, कोळंबी वाढते. शिवाय लाटांचा मार ती अंगावर घेतात. अशी झाडं तोडून पुन्हा भात लावायचं म्हणजे नेमकं काय मिळवायचं?

पोंय
दोघांच्याही बोलण्यात खाजन म्हणजे 'बांध आणि भात' एवढंच येतंय. खाजन चालतं कसं हे आधी नीट मांडू, नाहीतर चर्चा हवेत जाईल.

खाजनाचे भाग चार: बाहेरचा बांध, मानस, पोंय आणि शेत.

बांध चिकणमातीचा. ओहोटीला नदीच्या बाजूचा चिखल कापून थरावर थर देतात. प्रत्येक थर थोडा सुकू द्यायचा, मग पुढचा. घाईने एकदम ढीग केला की आतला ओला भाग बसतो आणि भेगा पडतात. नदीकडच्या अंगाला जांभ्या दगडाची रचाई. त्या दगडाबाहेर तिवरांची एक ओळ ठेवायची, ती लाटा मोडते.

मानस म्हणजे बांधातला दरवाजा. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, मध्ये लाकडी झडपा. झडपा नदीच्या दिशेने उघडतील अशा बसवलेल्या असतात. भरती आली की बाहेरचं पाणी त्यांना दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी जास्त उंच झालं की ढकलून उघडतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, तेवढ्याच वेळा मानस मिटते आणि उघडते.

पोंय म्हणजे मानशीच्या आतली खोलगट खाडी, शेतापेक्षा खाली. लोक हिला विसरतात. भरतीच्या वेळी मानस पाच-सहा तास बंद असते. त्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडला तर ते पाणी जाणार कुठे? पोंयीत. दहा हेक्टर शेतावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं 10,000 घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचे एक हजार टँकर. पोंय गाळाने भरली किंवा कुणी भराव टाकून बुजवली तर बांध आणि मानस दोन्ही धडधाकट असूनही भात बुडतं.

नीरफणस
पोंय, झकास लिहिलंत. आयडीला जागलात! मानशीत मासे पकडतात ते कसं?

पोंय
ओहोटीला पाणी जोरात बाहेर पडतं तेव्हा मानशीच्या तोंडाशी जाळं लावतात. रात्रीची ओहोटी जास्त फळते. चोणक, शेवटे, काळुंदर, सुंगटं, कुर्ल्या. हा हक्क लिलावाने देतात आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची, अशी मूळ रचना.

बिघाडही इथेच सुरू होतो. जास्त मासळी हवी तर भरतीचं पाणी जास्त आत यायला हवं. मग झडपेत दांडा अडकवून ती उघडी ठेवतात. भात कापून झाल्यावर, उन्हाळ्यात, खारं पाणी आत घ्यायला हरकत नसते, पूर्वापार घेतच आले आहेत. पण ते मे अखेरपर्यंत चालू ठेवलं, किंवा भात उभं असताना चोरून केलं, तर मीठ शेतात मुरतं. शिवाय पाण्याचा वेग वाढून मानशीचा तळ खरवडला जातो, भिंतीखालून पाणी वाट काढतं, आणि एके दिवशी अख्खी मानस कलते. लिलाव घेणाऱ्याला एका हंगामाचा नफा दिसतो, शेतकऱ्याला पुढची दहा वर्षं. दोघांचे हिशेब जुळत नाहीत.

खारबंदिस्ती
रायगडात मानशीला आम्ही उघाडी म्हणतो. पेण, अलिबागच्या खारभूमीत हाच प्रश्न आहे: बांध फुटतो, दुरुस्ती लांबते, तिवरं वाढतात आणि मग ती तोडता येत नाहीत म्हणून जमीन शेतकऱ्याच्या नावावर असूनही हातातून जाते.

कौलारू यांच्या प्रश्नावर कामाची गोष्ट. फुटलेला बांध जिथे फुटला तिथेच सरळ बुजवता येईल असं समजू नका. खिंडारातून दिवसाला चार वेळा पाणी ये-जा करतं आणि तिथे डोह खणला जातो. त्या डोहात माती टाकली की वाहून जाते. म्हणून खिंडाराला वळसा घालून, आतल्या बाजूने, घट्ट जमिनीवर अर्धगोल बांध घेतात. दोन टोकांकडून काम पुढे नेत शेवटचं तोंड भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी कमी चढतं तेव्हा बंद करायचं. उधाणात तोंड बंद करायला गेलात तर आठवड्याचं काम एका भरतीत जातं. आणि सगळं मार्च ते मे या काळात. जूनमध्ये ओली माती बांधावर टिकत नाही.

तिवरचिपी
हे पटलं. आता मातीचंही बघा. कांदळवनाखालच्या चिखलात लोह आणि गंधकाचं संयुग, पायराइट, साठलेलं असतं. पाण्याखाली आहे तोवर निरुपद्रवी. तिवरं काढून जमीन सुकवली की हवेतल्या ऑक्सिजनने त्याचं गंधकाम्ल होतं आणि सामू चारच्याही खाली घसरू शकतो. अशा मातीत भाताची मुळं जळतात, पाण्यात ॲल्युमिनियम आणि लोह उतरतं, पोंयीतले मासे मरतात. म्हणजे पंधरा वर्षांचं कांदळवन काढलं की पंधरा वर्षांपूर्वीचं शेत परत मिळतं, हा समज चूक आहे.

पोंय
मान्य, पण उपाय आहे. जमीन पूर्ण सुकू द्यायची नाही. पहिल्या पावसाळ्यांत गोडं पाणी भरायचं, ओहोटीला सोडायचं, पुन्हा भरायचं. मीठ आणि आम्ल दोन्ही हळूहळू धुऊन जातं. चालू खाजनातही दर जूनमध्ये हेच करतात. पहिल्या सरींनी मीठ विरघळतं, ते मानशीतून बाहेर काढतात, दोन-तीन वेळा शेत धुतात आणि मगच रुजवलेलं बी टाकतात. जीभ लावून पाणी मचूळ की गोडं हे ठरवायची जुनी रीत होती. आता साधा क्षारता-मापक मिळतो, तो वापरावा.

बियाणं कोरगूट. उंच वाढतं, दाण्याला कुसळ, तांदूळ लाल. उत्पन्न सुधारित वाणांपेक्षा कमी, पण खारं पाणी शिंतडलं तरी तग धरतं. जुने गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून 'गोवा धान 1' आणि 'गोवा धान 2' हे वाण काढलेत.

खारबंदिस्ती
आमच्याकडे काळा राता आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे 'पनवेल 1, 2, 3'. कोरगूट रायगडात कुणी लावून पाहिलंय का?

साळकोंडा
जरा इतिहासाकडे वळूया का? संभाजी महाराजांनी चोडणवर हल्ला केला होता ना? त्यावर कुणी लिहा.

उतारा
चोडण नव्हे, जुवे. पोर्तुगीज त्याला सांत इस्तेव म्हणतात, दिवाडीच्या पलीकडचं बेट. 24 नोव्हेंबर 1683 च्या रात्री मराठ्यांनी तिथला किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी व्हिसेरेई, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉय, कोंदी द आल्व्होर स्वतः फौज घेऊन गेला आणि जखमी होऊन परतला. जुने गोवे तिथून नदीपलीकडे हाकेच्या अंतरावर, त्यामुळे शहरात किती घबराट पसरली असेल ते नकाशा पाहिल्यावरच कळतं.

याचा या धाग्याशीही संबंध आहे. या बेटांभोवतीचं पाणी काही ठिकाणी ओहोटीला इतकं उतरतं की खंदक म्हणून त्याचा भरवसा नाही. तिसवाडीचं, म्हणजे जुने गोवे आणि ही बेटं असलेल्या भागाचं, संरक्षण ज्याला करायचं होतं त्याला आणि ती जिंकायची होती त्यालाही भरती-ओहोटीचं गणित पाठ असावं लागे.

चोडणचा स्वतःचा इतिहास वेगळ्या वळणाचा आहे. 1510 मध्ये आल्बुकर्कने तिसवाडी घेतली, 1540 च्या सुमारास इथली देवळं पाडली गेली. चोडणचा देवकीकृष्ण आधी मयेला आणि मग माशेलला नेला. आज माशेलच्या देवळात बालकृष्णाला कडेवर घेतलेली देवकी आहे ती मूळ या बेटाची, आणि आषाढातला चिखलकाला त्याच देवळासमोरच्या मैदानात होतो. शेजारच्या दिवाडीचा सप्तकोटेश्वर असाच नार्व्याला गेला. त्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला.

नंतर बेटावर फिदाल्गूंची, म्हणजे पोर्तुगीज सरदारांची घरं झाली. जेझुइट पाद्र्यांनी इथे आपल्या उमेदवारांची शिक्षणसंस्था काढली. 1759 च्या फर्मानाने त्यांना हाकललं, पुढे त्याच जागी सेमिनरी चालली, एकोणिसाव्या शतकात तीही बंद झाली. साथीच्या रोगांनी माणसं गेली आणि वाडे ओस पडले. या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट मात्र सलग चालू राहिली ती म्हणजे बांधांची राखण. 1526 च्या फोरालात, म्हणजे सनदेत, पोर्तुगिजांनी इथल्या गांवकाऱ्यांच्या, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थांच्या, रूढी लिहून घेतल्या आणि चालू ठेवल्या. धर्म बदलला, राजा बदलला, पण गांवकारी मोडली नाही. ती मोडली असती तर महसूलच बुडाला असता.

नीरफणस
मग ती मोडली कधी?

उतारा
एका दिवसात नाही. 1961 नंतर कसेल त्याची जमीन हे तत्त्व आलं, 1964 चा कुळ कायदा झाला. कुळांना हक्क मिळाला हे न्याय्यच होतं. बांधांची जबाबदारी 1975 च्या नियमांनी कुळांच्या संघांवर टाकली. पण गांवकारीकडे जे होतं, लिलावाचं उत्पन्न, राखणदार, फुटलेल्या बांधावर रात्री माणसं बोलावण्याचा अधिकार, ते सगळं संघांकडे त्याच जोमाने आलं नाही. शेत एका कुळाचं असतं, बांध सगळ्यांचा असतो. शेतकऱ्यांतल्या अर्ध्यांनी नोकरी धरली की उरलेल्या अर्ध्यांना सगळा बांध राखणं परवडत नाही.

तिवरचिपी
त्यात मांडवीतल्या खनिजाच्या बार्जी, म्हणजे सपाट मालवाहू बोटी, धरा. कित्येक वर्षं लोहखनिज भरलेल्या बार्जी मुरगावकडे जात-येत होत्या. प्रत्येक बार्जीची लाट बांधाच्या पायथ्यावर आदळते, दगडांमधली माती खेचून नेते आणि मग दगड सुटतात. 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ही झीज कमी झाली, पण आधी झालेलं नुकसान भरून निघालं नाही. बाहेरच्या अंगाला तिवरांची रुंद पट्टी होती तिथले बांध अजून उभे आहेत. म्हणजे कांदळ विरुद्ध भात अशी ही लढाई नाहीच, बांधाबाहेर कांदळ हवा, आत भात.

कौलारू
@तिवरचिपी, हेच तर मला म्हणायचं आहे!

तिवरचिपी
@कौलारू, नाही. तुम्ही आत उभं राहिलेलं कांदळवन काढायला सांगताय. मी चालू खाजनांविषयी बोलतेय. जे गेलं ते गेलं, जे आहे ते वाचवा.

रानभूल
दोन्ही बाजूंनी प्राणी मोजायचे राहिले. चोडणला मऊ केसांची पाणमांजरं आहेत, गोव्यात हुद म्हणतात. ती फक्त कांदळवनात राहत नाहीत. झोपायला आणि पिल्लांसाठी कांदळ आणि बांधातली बिळं, शिकारीला पोंय आणि मानशीचं तोंड. बांधावर माशांचे खवले आणि कुर्ल्यांची कवचं असलेली विष्ठा एका ठरावीक जागी दिसली तर ती त्यांची हद्दीची खूण. ओली आणि काळपट असेल तर ताजी, पांढरी आणि सुटी झाली तर जुनी.

कोल्हे खाजनात उंदीर आणि कुर्ल्यांवर जगतात. पक्ष्यांचंही तसंच. घट्ट कांदळात छोटा हिरवट बगळा आणि कॉलर्ड किंगफिशर. हा खंड्या पश्चिम किनाऱ्यावर फार थोड्या ठिकाणी दिसतो आणि चोडण त्यातलं एक. काळ्या टोपीचा खंड्या हिवाळ्यात. पण तुतवार, चिखल्या, तलवार बदकं यांना उघडा चिखल किंवा उथळ पाणी हवं. भात कापल्यावर पाणी घेतलेलं खाजन म्हणजे त्यांचं हिवाळी कुरण. सगळं कांदळाने भरलं तर हे पक्षी जातील. म्हणून माझं मत कौलारूंकडे झुकतं, पण झाडं तोडायच्या बाबतीत तिवरचिपींकडे.

पैलतीर
मगरी आहेत का चोडणला?

रानभूल
मुख्य वस्ती कुंभारजुवे कालव्यात, गोड्या पाण्याच्या मगरींची, ज्या खाऱ्या पाण्यातही राहतात. मांडवीच्या या भागात अधूनमधून दिसतात. फोंड्याकडच्या दुर्भाट, भोम इथल्या खाजनात पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, अंगावर शिंपल्यांचे खवले लावतात. बांध राखणारी म्हणून तिला हा मान.

साळकोंडा
जानेवारीत जायचं तर वेळ कोणती गाठावी?

रानभूल
काय बघायचं त्यावर. होडीने आतल्या खाड्यांत जायचं तर भरती चढत असताना, कारण ओहोटीला होडी चिखलात बसते. चिखलातले पक्षी, निवट्या आणि एका मोठ्या नांगीच्या कुर्ल्या बघायच्या तर ओहोटीच्या आधी तासभर पोचा. होडीची चौकशी आणि परवानगी वनखात्याकडे आधीच करा. फेरीतून उतरल्यावर अभयारण्याचं दार जवळच आहे. गाडीने मये बाजूनेही येता येतं. गडद रंगाचे कपडे, पूर्ण बाह्या, डास भरपूर. पायवाट सोडून चिखलात उतरू नका. तिवराची श्वसनमुळं पायाखाली मोडतात आणि मोडलेल्या मुळाने झाडाची हवा तुटते.

खारबंदिस्ती
वेळ काढायची कोकणातली रीत: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला.

रानभूल
ती मुंबई-रायगडला लागू. भरतीची लाट दक्षिणेकडून वर जाते, त्यामुळे मुरगावला साधारण तासभर आधी. पाऊणपट काढा, त्यातून तास वजा करा. आणि पक्कं हवं असेल तर मुरगाव बंदराचं भरतीपत्रक बघा, चोडणला त्याहून थोडा उशीर धरा.

पोंय
मूळ प्रश्नाकडे येतो. 'परत आणावं की राहू द्यावं' याला सरसकट उत्तर नाही, खाजनागणिक तीन गोष्टी तपासाव्या लागतील.

पहिली, बांध फुटून किती काळ झाला. दोन-तीन वर्षं झाली असतील आणि नुसती मारांडी असेल तर लगेच बांधा. तिथे चिखलात अजून फार काही बदललेलं नसतं. पंधरा वर्षांची तिवरं असतील तर सोडून द्या, कायद्यानेही हात लावता येणार नाही. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी तरतूद आहे: खाजनांलगतचं कांदळवन राखायचं, खाजनांचा व्यवस्थापन आराखडा करायचा आणि त्यात बांधकाम-विकास होऊ द्यायचा नाही. तिन्ही एकत्र वाचायच्या असतात.

दुसरी, पोंय शिल्लक आहे का. नसेल तर बांधावर खर्च करू नका.

तिसरी, मानस कोण सांभाळणार. नाव, माणूस, पगार. दर पंधरवड्याला उधाणाआधी झडपा बघणारा कुणीतरी लागतो. लाकडात किडे भोकं पाडतात, कालवं चिकटतात, एक फांदी अडकली तरी झडप चार बोटं उघडी राहते आणि रात्रभरात मीठ शेतात. कुर्ल्यांची बिळं त्याच दिवशी चिखलाने बुजवावी लागतात. या माणसाची सोय नसेल तर नवा बांध तीन पावसाळ्यांतच फुटेल.

तिवरचिपी
याला माझं अनुमोदन. एकच भर घालते. काही ठिकाणी बांध अर्धवट फुटलाय, पाणी आत येतं पण नीट बाहेर जात नाही. तिथे भातही नाही आणि तिवरंही मरतात, कारण श्वसनमुळं आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहिली की झाड गुदमरतं. असल्या जागी लोक कांदळाची रोपं लावायला जातात आणि ती सगळी मरतात. तिथे रोपं नकोत. खिंडार तळापर्यंत मोकळं करा किंवा पूर्ण बंद करा. मोकळं केलंत तर बी आपोआप येतं.

कौलारू
@पोंय, तिसऱ्या मुद्द्यावर: मानशीच्या लिलावाच्या करारातच झडपांची देखभाल आणि 'मे अखेरीस खारं पाणी बंद' ही अट घालून, अनामत रक्कम ठेवून घेतली तर? मोडल्यास अनामत बांधाच्या खात्यात.

पोंय
चालेल, पण तारीख मे अखेर नको. जमीन सुकून मीठ वर यायला वेळ द्यायला हवा, तरच पहिल्या पावसात ते धुतलं जातं. एप्रिल अखेर लिहा. आणि मोजणीची जागा ठरवून लिहा: मानशीपासून सगळ्यात लांबच्या शेतातलं पाणी, दर पौर्णिमेला आणि अमावास्येला, दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर मोजायचं. मानशीजवळ मोजलं तर कायम भांडण होईल.